स्टेजवर घालायचं हलकं लेदर जॅकेट: वाद्य गळ्यात अडकवून कसं निवडावं

पहिलं लेदर जॅकेट घालून मी स्टेजवर वाजवलं ते माझं नव्हतं, मावसभावाचं होतं. तो बुलेटवर हिंडणारा माणूस, त्याचं जॅकेटही तसंच: म्हशीचं जाड चामडं, सहा चेनी, कमरेला बक्कलवाला पट्टा. ठाण्यातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग, फेब्रुवारीची अखेर, उघडं मैदान. दिसायला झकास दिसलं. पण मी बेस गिटार वाजवते, आणि बेसची तार नेकच्या (लांब दांड्याच्या) टोकावरच्या नटपासून अंगावरच्या ब्रिजपर्यंत ३४ इंच लांब असते. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकच्या टोकाकडच्या पहिल्या पट्टीवर, बोट ठेवायचं तर डावा हात चांगलाच लांब न्यावा लागतो. हात लांब केला की अख्खं जॅकेट डावीकडे ओढलं जायचं आणि उजवी बाही कोपराला आवळायची. तिसऱ्या गाण्यापर्यंत घाम मनगटावरून तारांवर उतरला. उजव्या बाहीची चेन बेसच्या पॉलिशवर घासत राहिली आणि तिथं वीतभर ओरखडा पडला. तो आजही आहे.

त्यानंतर मी स्वतःसाठी दोन जॅकेटं शिवून घेतली, आणि बँडमधल्या, ऑर्केस्ट्रातल्या मंडळींबरोबर धारावीत कितीतरी फेऱ्या मारल्या. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. स्टेजचं जॅकेट आरशासमोर उभं राहून निवडायचं नसतं. वाद्य गळ्यात अडकवायचं, वाजवायचं आणि मग ठरवायचं. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलं आहे.

मूळ जॅकेट कशासाठी होतं

न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी चेनचं लेदर जॅकेट काढलं आणि त्याला 'पर्फेक्टो' असं नाव दिलं. तिरकी चेन, रुंद कॉलर, कमरेचा पट्टा हे सगळं त्या जॅकेटनं रूढ केलं. तिरक्या चेनीमुळे चामड्याचा एक पदर दुसऱ्यावर चढतो आणि छातीत वारा शिरत नाही. चामडं जाड, कारण रस्त्यावर घसरलं तरी अंगाची कातडी शाबूत राहायला हवी. सत्तरच्या दशकात रामोन्ससारख्या बँडनी तेच जॅकेट स्टेजवर आणलं आणि तो रॉकचा गणवेश होऊन बसला. पण स्टेजवर ना वारा, ना डांबरी रस्ता. तिथं दिवे असतात, घाम असतो आणि दीड तास हलणारे हात असतात. १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात एल्विस प्रेस्लीनं नखशिखांत काळं लेदर घातलं होतं. ते चित्रण बघा, चेहऱ्यावर घाम निथळताना दिसतो, आणि ते तर स्टुडिओतलं.

म्हणून दुकानात 'बायकर जॅकेट द्या' असं म्हणू नका. दुकानदार बाइकचंच देईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पायरी पहिली: आपला कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा

कागदावर तीन गोष्टी लिहा. वर्षातले किती कार्यक्रम उघड्यावर असतात आणि किती एसी हॉलमध्ये? एका वेळी किती मिनिटं जॅकेट अंगावर राहणार? तुम्ही काय वाजवता आणि उभं राहून की बसून?

मुंबईत मे महिन्यात रात्री आठलाही पारा तिशीच्या आसपास असतो आणि हवा दमट. अशा हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि त्यावर चामड्याचा थर म्हणजे तो वाळण्याची उरलीसुरली वाटही बंद. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हेच जॅकेट सुखाचं वाटतं. तुमचे बहुतेक कार्यक्रम कोकणपट्टीत आणि उघड्यावर असतील, तर पूर्ण बाह्यांचं जॅकेट फक्त पहिल्या तीन-चार गाण्यांपुरतं धरा आणि ते झटकन काढता येईल असं निवडा. ड्रमरला तर मी सरळ सांगते: बिनबाह्यांचं घ्या. ड्रमवाल्याचे हात खांद्यापासून फिरतात, आणि त्या अंगमेहनतीत बाह्यांचं लेदर म्हणजे शिक्षा आहे.

तबला, ढोलकी वाजवणारे मांडी घालून बसतात. जॅकेटचा खालचा काठ तेव्हा मांडीवर टेकतो आणि पुढचा भाग फुगून वर येतो. त्यांच्यासाठी कमरेच्या हाडाच्या वर संपणारं, चेन न लावता वापरायचं आखूड जॅकेट. व्हायोलिनवाल्यांनी उंच कॉलर टाळावी, वाद्य मानेशी नीट बसत नाही. गायकांनी चेन पूर्ण लावून पोटातून खोल श्वास घेऊन बघावा. बरगड्यांना जॅकेट लागलं की ते नको, कितीही शोभून दिसलं तरी नको.

पायरी दुसरी: चामडं

हलकं जॅकेट म्हणजे पातळ चामडं, हे खरं, पण अर्धंच. आधी जाडी समजून घेऊ, ती मिलिमीटरमध्ये मोजतात.

शीप नप्पा, म्हणजे मेंढीचं मऊ चामडं, साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर. हातात घेतलं की रेशमासारखं लोळतं. मेंढीच्या कातडीत चरबी जास्त, त्यामुळे आतले धागे सैल असतात. म्हणून ती मऊ, आणि म्हणूनच कमी ताकदीची. वर्षभरात कोपरांना फुगे येतात, आणि गिटारचा पट्टा जिथं रोज घासतो तिथला रंग आधी उडतो.

बकरीचं चामडं ०.७ ते ०.९. अंगावर बारीक दाणा असतो, बोट फिरवलं की कळतो. तेवढ्याच जाडीच्या मेंढीच्या चामड्यापेक्षा ते खूपच चिवट. गाईम्हशीचं जॅकेटचं चामडं एक मिलिमीटरच्या पुढे, बाइकच्या जॅकेटात १.२ किंवा त्याहूनही जाड. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे इथल्या बाजारात जाड चामडं म्हणाल तर ते बहुधा म्हशीचं.

आता वजनाचा हिशोब. मध्यम मापाच्या जॅकेटला शिवून झाल्यावर साधारण दोन चौरस मीटर चामडं अंगावर राहतं. जाडी ०.१ मिलिमीटरनं वाढली की सुमारे दीडशे ग्रॅम वाढतात. म्हणजे ०.६ चं चामडं आणि १.२ चं चामडं यांत नुसत्या कातड्याचा फरक पाऊण ते एक किलो. बेस किंवा जड इलेक्ट्रिक गिटार आधीच चार-साडेचार किलोची असते. दीड तासानंतर तो किलोभर फरक मानेला कळतो.

माझा कौल असा: गळ्यात पट्टा अडकवून वाजवणाऱ्यानं ०.७ ची बकरी घ्यावी. गायक, कीबोर्डवाले यांनी ०.६ चा शीप नप्पा घेतला तरी चालेल, त्यांच्या खांद्यावर काही घासत नाही. स्वेड, म्हणजे मखमलीसारखा पोत दिलेलं चामडं, दिव्यांखाली फार देखणं दिसतं आणि त्यावरून पट्टा घसरत नाही, पण घाम पिऊन त्यावर डाग धरतात. दमट गावात राहत असाल तर सोडून द्या.

चामडं पारखायला चार गोष्टी करा. अंगठा दाबा: खऱ्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा उचलला की विरतात. उलटी बाजू किंवा कापलेली कड दाखवायला सांगा: तिथं केसाळ धागे दिसले पाहिजेत, कापडाची वीण दिसली तर ते चुरा चिकटवून केलेलं किंवा रेक्झिन. आतल्या एखाद्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका: थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर वर रंगाचा जाड थर आहे आणि असं चामडं हवा फार कमी सोडतं, हळूहळू गडद होऊन मुरला तर थर पातळ. चौथी गोष्ट कोणी करत नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पांढरा रुमाल ओला करा आणि जॅकेटच्या आतल्या घडीवर वीस वेळा घासा. रुमाल काळा झाला तर घामानं तोच रंग तुमच्या शर्टावर, मानेवर आणि गिटारच्या फिक्या लाकडावर उतरणार आहे.

चामडं नको असणाऱ्या मित्रांसाठी दोन शब्द. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या नकली चामड्याचं, जॅकेट हलकं आणि स्वस्त असतं, पण दमट हवेत त्याचा थर आतून कुजतो आणि काही वर्षांत पापुद्रे निघायला लागतात. त्यापेक्षा चांगलं जाड डेनिम शिवून घ्या. आणि रेक्झिनचं जॅकेट गिटारच्या केसमध्ये गिटारवर टाकून नेऊ नका. जुन्या पद्धतीचं नायट्रो पॉलिश असलेल्या गिटारीवर त्याचा चिकट डाग पडतो, तो जात नाही.

पायरी तिसरी: मुंढा आणि बाही

इथं मात्र निवांत थांबा. बहुतेक जॅकेटं वाजवताना त्रास देतात ती चामड्यामुळे नाही, मुंढ्यामुळे. मुंढा म्हणजे जिथं बाही अंगाला जोडलेली असते तो गोल.

सगळ्यांना वाटतं की हात मोकळा हलायचा तर मुंढा मोठा, सैल हवा. होतं उलटं. मुंढा मोठा म्हणजे काखेची शिवण खाली, बरगड्यांच्या जवळ. हात उचलला की बाही त्या खालच्या शिवणीला धरून जॅकेटचं सगळं अंगच वर ओढते. टी-शर्टचं कापड ताणलं जातं म्हणून तिथं हे जाणवत नाही, चामडं ताणलं जात नाही. मुंढा लहान आणि काखेच्या अगदी जवळ असेल तर बाही खांद्याच्या सांध्याबरोबर फिरते आणि अंग जागच्या जागी राहतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. धारावीत नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत, लोखंडी शिडीवरून चढून जायच्या एका माळ्यावर, ज्या कारागिरांकडे मी जॅकेट शिवते त्यांनी ते दाखवलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवला होता. मी घातला, हात वर केले, म्हटलं ठीक आहे. ते म्हणाले, "ऐसा नहीं ताई, जसं वाजवता तसं उभं राहा." मी बेस नेला होता, तो अडकवला. पहिल्या फ्रेटवर हात नेला आणि नमुन्याचा डावा काठ चार बोटं वर गेला. चाचांनी काखेत बोट घातलं, मान हलवली, आणि दीड इंचाची मांजरपाटाची चंद्रकोर कापून काखेखालच्या मोकळ्या जागेत टाचण्यांनी जोडली. मुंढा लहान झाला. पुन्हा हात नेला. काठ जेमतेम अर्धं बोट हलला. त्यांनी निळ्या खडूनं तिथं रेघ मारली आणि चहा मागवला.

तयार जॅकेट घेत असाल तर हीच परीक्षा दुकानात करा. पट्टा लावून वाद्य नेलं तर उत्तम. ते शक्य नसेल तर नुसता पट्टा न्या आणि हात वाजवायच्या जागी धरा. मित्राला जॅकेटचा काठ बघायला सांगा: दोन बोटांपेक्षा जास्त वर गेला तर पुढचं जॅकेट बघा. दुकानातले लोक म्हणतील, "वापरून सैल होईल." चामडं कोपराला, पाठीला थोडं सैल होतं, मुंढ्याची जागा बदलत नाही.

बाहीचा वरचा घुमटही बघा. तो उंच असेल तर हात खाली सोडल्यावर बाही फार सुरेख पडते, एक सुरकुती नाही, पण हात उचलताना अडकते. घुमट बसका असेल तर हात खाली असताना काखेपाशी थोड्या चुण्या पडतात. वाजवणाऱ्याला दुसरी बाही हवी. फोटोत त्या चुण्या कोणाला दिसत नाहीत.

बाइकच्या जॅकेटातली एक गोष्ट मात्र जरूर उचला. काही जॅकेटांना पाठीवर, खांद्यामागे दोन उभ्या चुण्या असतात, हँडलकडे हात नेताना त्या उघडतात. गिटारवाल्याचे दोन्ही हात पुढेच असतात, त्यामुळे त्या चुण्या आपल्यासाठीच केल्यासारख्या आहेत. शिवून घेताना आवर्जून मागा.

बाहीची लांबी हात सरळ ठेवून मोजू नका. कोपर दुमडा, आणि खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप न्या. सरळ हातावर मोजलेली बाही कोपर दुमडला की इंच-दीड इंच आखडते. ज्या हातानं फ्रेट दाबता त्या हाताची बाही मनगटाच्या हाडावर संपली पाहिजे, त्यापुढे आली की काठ नेकखाली घासतो. माझ्या दुसऱ्या जॅकेटाची डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच आखूड आहे. मुद्दाम.

बायकांना एक वेगळी अडचण येते. तयार लेडीज जॅकेटं कमरेत फार आवळलेली आणि खांद्यात अरुंद मिळतात, खिसे तर नावाला. मी पहिल्यांदा पुरुषांचं ३६ मापाचं घेऊन कमरेत कमी करून बघितलं. खांदे जमले, छातीवर बसलं नाही. बायकांनी शक्य असेल तर शिवूनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी चौथी: अस्तर

उकाड्याचा दोष लोक चामड्याला देतात, पण निम्मा उकाडा अस्तराचा असतो. स्वस्त जॅकेटांत पॉलिस्टरचं तफेता अस्तर असतं, त्यात पातळ फोमही घालतात. ते अस्तर घाम अजिबात शोषत नाही, पाठीवर पाणी धावतं. जाड सुती अस्तर घाम पितं, पण ओलं होऊन जड होतं आणि बाहीत हाताला चिकटतं.

मी करून घेतलेली रचना अशी: पाठीला वरच्या अर्ध्या भागात पातळ सुती जाळी, खालच्या भागात अस्तरच नाही, बाह्यांत व्हिस्कोस. व्हिस्कोस घसरतं, त्यामुळे हात मोकळा सरकतो, आणि पॉलिस्टरपेक्षा घामही शोषतं. अस्तर नसलेल्या भागात चामड्याची उलटी बाजू शर्टाला लागते, म्हणून रुमालाची परीक्षा त्या बाजूनंही करा. काखेत एक-दीड मिलिमीटरची बारीक भोकं पाडून घ्या. पहिल्या रांगेतूनही ती दिसत नाहीत, आणि हवा खेळते.

पायरी पाचवी: चेन, बक्कल आणि आवाज

प्रत्येक धातूचा तुकडा म्हणजे वजन, ओरखडा आणि आवाज. कमरेचा पट्टा काढून टाका, लोंबतं बक्कल गिटारच्या पाठीवर आपटतं. पिकअप (आवाज पकडून स्पीकरकडे नेणारं यंत्र) लावलेल्या अकूस्टिक गिटारीत तो ठोका स्पीकरपर्यंत जातो. मनगटाच्या चेनी नकोत. समोरची चेन पाच नंबरची पुरते, बाइकच्या जॅकेटात आठ किंवा दहा नंबरची असते. हा नंबर म्हणजे ढोबळमानानं बंद दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी. चेनीच्या मागे आतल्या बाजूला चामड्याची पट्टी लावतात, ती गिटारवाल्यांनी बाहेरच्या बाजूनं लावून घ्यावी, म्हणजे चेन झाकली जाते आणि गिटारची पाठ वाचते.

खांद्यावरच्या टिचबटणाच्या पट्ट्या दिसायला फौजी, पण गिटारचा पट्टा नेमका त्यांच्यात अडकतो. गुळगुळीत चामड्यावर नायलॉनचा पट्टा घसरतो, म्हणून पट्टा मात्र आतून स्वेडचा घ्या.

नवं चामडं कुरकुरतं. हातात माइक धरणाऱ्याला त्याचा त्रास नाही, कॉलरला छोटा माइक लावणाऱ्या निवेदकाला किंवा गायकाला आहे. त्यांनी मऊ नप्पाच घ्यावा आणि माइक जॅकेटला न लावता आतल्या शर्टाला लावावा. कानात मॉनिटर (स्टेजवरचा आवाज ऐकायचा इअरफोन) घालत असाल तर त्याचा बेल्टपॅक कमरेला लावून, जॅकेट घालून, न बघता आवाजाचं बटण फिरवून बघा. जॅकेटच्या लांबीचा निर्णय मी त्यावरूनच करते.

रंग आणि दिवे

काळ्या पडद्यासमोर काळं जॅकेट घातलं की लांबून फक्त चेहरा आणि हात दिसतात. मागून दिवा असेल तर खांद्यांची कड उजळते आणि काळं सुंदर दिसतं. छोट्या पबमध्ये मागे दिवा नसतो. तिथं गडद तपकिरी किंवा विटकरी बरं. फार चकचकीत चामड्यावर एलईडी दिव्याचे पांढरे ठिपके पडतात आणि व्हिडिओत ते डोळ्यांत खुपतात, म्हणून मंद चमक असलेलं घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरवसा न ठेवता मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

पायरी सहावी: विकत घेणं किंवा शिवणं

बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा खिशात ठेवा आणि दुकानात जॅकेट त्याला लटकवा. ३८-४० मापाला १.३ किलोपर्यंत चालेल, मोठ्या मापाला दीड किलो. दुकानदार हसतात, पण तोलू देतात.

शिवायचं असेल तर मुंबईत धारावीच. सायन स्टेशनहून चालत जाता येतं. रस्त्यावर दुकानं आहेत, शिवणारे हात आतल्या गल्ल्यांत. कातडं कमावण्याचं काम तिथून बहुतेक उठलं आहे. तयार चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याच्या बाजूनं येतं आणि ते चौरस फुटावर विकतात. मेंढीचं किंवा बकरीचं एक कातडं साधारण चार ते सहा फूट भरतं आणि जॅकेटला कापणीतली नासधूस धरून पंचवीस-तीस फूट लागतं, म्हणजे पाच ते सात कातडी. फुटाचा भाव, लागणारे फूट, मजुरी, अस्तर आणि चेन असा वेगवेगळा हिशोब मागा. एकच आकडा सांगितला तर चामड्यात काटकसर होते.

सगळी कातडी एकत्र पसरून उजेडात बघा. छटा जुळली पाहिजे. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल. छाती, पाठ आणि बाह्या पाठीच्या भागातून कापायला सांगा, पोटाचा भाग आतल्या पट्ट्यांना चालतो. टाके इंचाला सात-आठ. बारीक टाके घालून शिवण सुबक दिसते, पण पातळ चामड्यावर ती टपालाच्या तिकिटासारखी भोकांच्या रेघेवर फाटते. दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा, सुती दोरा घामानं कुजतो.

मांजरपाटाच्या नमुन्याशिवाय चामड्याला कात्री लावू देऊ नका. चामड्यात सुईचं भोक पडलं की ते कायमचं. म्हणून तयार जॅकेट कमी करता येतं, वाढवता येत नाही: शिवण उसवली की भोकांची रांग दिसते. जुनं जॅकेट विकत घेतानाही हेच लक्षात ठेवा. बाकी जुनं जॅकेट घ्यायला माझी हरकत नाही, ते आधीच मऊ झालेलं असतं. कॉलरची आतली बाजू आणि काखेची शिवण बघा. तिथं चामडं कडक होऊन तडकलं असेल तर मागच्या माणसाचा घाम आत मुरला आहे, ते सुधारत नाही.

पायरी सातवी: तालीम

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा जॅकेट घालू नका. निदान तीन तालमी त्यात करा आणि एकदा पंखा बंद करून अख्खा सेट वाजवा. कुठं घासतं, कुठं घाम साचतो, पट्टा किती छिद्रं वर-खाली घ्यावा लागतो हे तेव्हाच कळतं. जॅकेटमुळे खांद्यावर थर वाढतो आणि गिटार किंचित वर येते. रोज वाजवणाऱ्याच्या बोटांना तेवढंही जाणवतं.

कार्यक्रमानंतर आणि पावसाळ्यात

घामेजलेलं जॅकेट बॅगेत कोंबू नका. रुंद हँगरवर अस्तर बाहेर करून पंख्याखाली रात्रभर टांगा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, आणि बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका: ओलं चामडं उष्णतेत आखडतं आणि कडक होतं. वाळल्यावर मिठाचे पांढरे डाग दिसले तर ओलसर फडक्यानं हलक्या हातानं पुसा.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला खोबरेल तेल लावायची सवय आहे. ते चामडं जाड आणि हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं असतं, तेलानं ते मऊ होतं. जॅकेटचं चामडं बहुतेक क्रोमनं (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं, पातळ आणि रंगाचा थर दिलेलं असतं. त्याला खोबरेल लावलं तर काळपट डाग पडतात आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. वर्षातून दोनदा लेदर कंडिशनर, तेही फडक्याला जेमतेम लावून, एवढंच पुरे.

जून ते सप्टेंबर जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या सुती साडीची खोळ शिवा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या नकोत, तो वास चामड्यात बसतो आणि पुढच्या कार्यक्रमात दिव्यांच्या उष्णतेनं जागा होतो. दर पंधरवड्याला कपाटाबाहेर काढून तासभर हवा द्या. बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झटका, मग ओलसर फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा.

अस्तर चामड्याच्या आधी जातं. सगळ्यात आधी काखेत विरतं आणि घामाचा वास धरतं. ज्या कारागिरानं शिवलं त्याच्याकडेच ते बदलून घ्या. नवं अस्तर बसवताना त्यानं जुन्याच भोकांतून टाके घालावेत, हे त्याला आधी सांगून ठेवा.